अर्धा हार्नेस, पूर्ण धोका

5 सप्टेंबर 1970. इटलीतील मोंझा सर्किटवर शनिवारचा सराव सुरू होता. त्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत योखेन रिंट आघाडीवर होता. पॅराबोलिका वळणाच्या आधी ब्रेक लावताना त्याची लोटस 72 डावीकडे खेचली गेली आणि कठड्यावर आदळली. रिंटने खांद्यांचे आणि कमरेचे पट्टे बांधलेले होते. मांड्यांच्या मधून वर येणारा पट्टा मात्र त्याने बांधला नव्हता, कारण गाडीने पेट घेतलाच तर चटकन बाहेर पडता यावे असे त्याला वाटे. धडकेच्या क्षणी त्याचे शरीर पट्ट्यांखालून पुढे सरकले आणि ज्या पट्ट्यांनी वाचवायचे त्यांनीच त्याच्या गळ्याला प्राणघातक जखम केली. उरलेल्या शर्यतींत त्याच्या गुणांच्या पुढे कोणी जाऊ शकले नाही. मृत्यूनंतर फॉर्म्युला वनचे अजिंक्यपद मिळालेला तो आजवरचा एकमेव चालक आहे. 1972 पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा टोकांचे हार्नेस सक्तीचे झाले.

रिंट जगातल्या सर्वोत्तम चालकांपैकी एक होता आणि त्याची गाडी निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली होती. तरीही ही घटना पुण्या-मुंबईत रोजच्या गाडीला लाल-निळे चार टोकांचे हार्नेस लावून घेणाऱ्या हौशी चालकाने समजून घ्यावी अशी आहे. तो ज्याला ‘फोर पॉइंट’ म्हणून अभिमानाने दाखवतो, त्या हार्नेसची मांडणी रिंटने त्या दिवशी बांधलेल्या पट्ट्यांसारखीच असते: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, मांड्यांमध्ये काही नाही.

मोटरस्पोर्टमधले हार्नेसचे नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला किचकट वाटतात. कोन अमुक अंशांपेक्षा जास्त नको, बोल्ट तमुक जाडीचाच हवा, अमुक वर्षांनंतर पट्टा फेकून द्या, वगैरे. प्रत्येक नियमामागे माणसाच्या शरीराचा एखादा अवयव आहे आणि त्याला झालेली एखादी विशिष्ट इजा आहे. ती समजली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

कारखान्याचा पट्टा काय करतो?

आधी गाडीसोबत येणाऱ्या साध्या तीन टोकांच्या सीट बेल्टला न्याय द्यायला हवा. निल्स बोहलिन हा स्वीडिश अभियंता साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करून व्होल्वोत आला आणि 1959 मध्ये त्याचा हा पट्टा गाड्यांमध्ये बसू लागला. व्होल्वोने तो इतर कंपन्यांनाही मोकळेपणाने वापरू दिला. एक पट्टा कमरेच्या हाडांवरून, दुसरा छातीवरून तिरका, आणि दोन्ही एकाच हाताने एका जागी अडकवता येतात. त्याचे मूळ रूप आजही तेच आहे.

धडकेचे साधे गणित पाहू. गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचे नाक चुरगळत असताना चालकाला थांबायला 60 सेंटिमीटर अंतर मिळाले, असे धरू. त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 24 पट इतका अवत्वरणाचा जोर येतो. 75 किलोच्या माणसासाठी तो जवळपास पावणेदोन टनांच्या ओझ्याएवढा असतो. सीट बेल्टने हा जोर घ्यायचा आणि शरीरातल्या तो सोसू शकणाऱ्या हाडांवर, म्हणजे ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या कटिअस्थींवर, बरगड्यांवर आणि गळपट्टीच्या हाडावर वाटून द्यायचा.

आजच्या गाडीतला पट्टा एवढ्यावर थांबत नाही. त्याच्या गुंडाळीत दोन वेगळे संवेदक असतात. एक गाडीचा अचानक कमी झालेला वेग किंवा कललेपणा ओळखतो, दुसरा पट्टा झटक्याने ओढला गेला की तो अडकवतो. धडक होताच प्रीटेन्शनरमधली छोटी स्फोटक कुपी काही सहस्रांश सेकंदांत पट्ट्यातली ढील ओढून घेते. नंतर लोड लिमिटर पट्टा मोजूनमापून थोडा सोडतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत. त्याच वेळी समोरून एअरबॅग फुगते. पट्टा, सीट, एअरबॅग, स्टिअरिंग आणि छत या साऱ्यांची चाचणी कारखान्यात एकत्र झालेली असते. यातला एक भाग काढून दुसरा घातला की ती चाचणी तुमच्या गाडीला लागू राहत नाही. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि पुढचे सारे नियम त्यातूनच निघतात.

मग हार्नेस हवाच कशाला?

हार्नेसचे फायदे खरे आहेत. वळणात जोराने जाताना तीन टोकांच्या पट्ट्यातला चालक सीटवर सरकत राहतो. मग तो स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतो, गुडघा दरवाज्याला टेकवतो, आणि गाडी काय सांगते आहे हे त्याच्या हातांना नीट कळत नाही. हार्नेस त्याला सीटशी एकजीव करतो. दोन्ही खांद्यांवर समान जोर येतो. पट्टे रुंद असल्याने जोर मोठ्या भागावर पसरतो. गुंडाळी नसल्यामुळे ढील उरत नाही. रॅलीच्या स्पेशल स्टेजवर, म्हणजे वाहतुकीसाठी बंद केलेल्या रस्त्यावरच्या वेगाच्या टप्प्यावर, जिथे गाडी खड्ड्यांतून उडते आणि कधी शेतात कोलांट्या खाते, तिथे चालक आणि को-ड्रायव्हर दोघांनाही याच पकडीचा आधार असतो.

या पकडीची किंमतही असते. तीन टोकांच्या पट्ट्यात शरीर थोडे वळते, थोडे कलते, आणि त्या हालचालीत काही धोके आपोआप टळतात. हार्नेस शरीराला जखडतो, आणि टळणारे ते धोके मग दुसऱ्या उपकरणांनी टाळावे लागतात. असे धोके मुख्यतः तीन आहेत: पोटाचा, डोक्यावरच्या छताचा आणि मानेचा.

पोट वाचवणारा पट्टा

चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्यांचे दोन्ही पट्टे कमरेच्या बकलमध्ये येऊन अडकतात. धडकेत धड पुढे फेकले जाते, खांद्यांचे पट्टे ताणले जातात आणि ते बकलला वर खेचतात. बकलबरोबर कमरेचा पट्टाही कटिअस्थींवरून निसटून मऊ पोटावर चढतो. त्याच वेळी नितंब सीटवर पुढे घसरतात. पट्ट्याखालून असे निसटून जाण्याला ‘सबमरीनिंग’ म्हणतात. आता जो जोर हाडांवर यायचा तो आतडी, यकृत, प्लीहा आणि कमरेच्या मणक्यांवर येतो. शरीर आणखी खाली घसरले तर पट्टे गळ्यापर्यंत पोचतात. मोंझाला हेच झाले.

मांड्यांमधून येणारा पट्टा बकलला खाली धरून ठेवतो. पाच टोकांच्या हार्नेसमध्ये असा एक पट्टा असतो, सहा टोकांच्या हार्नेसमध्ये दोन. दोन पट्टे मांड्यांच्या मुळाशी जोर वाटून घेतात, म्हणून सहा टोकांची रचना जास्त चांगली मानली जाते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, आपल्या नियमावलीच्या परिशिष्ट जे मध्ये याविषयी अगदी स्पष्ट आहे: कमरेचा पट्टा कटिअस्थी आणि मांडी यांच्यामधल्या घडीत घट्ट बसला पाहिजे आणि कोणत्याही परिस्थितीत तो पोटावरून जाता कामा नये.

चार टोकांच्या हार्नेसवर एक वेगळा उपाय श्रॉथ या जर्मन कंपनीने शोधला. तिच्या काही हार्नेसमध्ये गाडीच्या आतल्या बाजूच्या खांद्याच्या पट्ट्यात एक घडी शिवलेली असते. जोरदार धडकेत तिची शिवण उसवते, तो खांदा किंचित पुढे जातो आणि धड थोडे वळते. साध्या सीट बेल्टमध्ये जे वळण आपोआप मिळते, तेच इथे मुद्दाम घडवले जाते आणि कंबर पट्ट्याखाली दाबलेली राहते. असे काही हार्नेस युरोपात विशिष्ट गाड्यांसाठी रस्त्यावर वापरायलाही मान्य आहेत. बाजारातल्या बहुतेक स्वस्त चार टोकांच्या हार्नेसमध्ये अशी सोय नसते. त्यांच्या खांद्याच्या पट्ट्यांवर फक्त नाव छापलेले असते.

छत खाली येते तेव्हा

दुसरा धोका गाडी उलटण्याचा. रस्त्यावरच्या गाडीचे छत उलटताना काही प्रमाणात खाली दबते. तीन टोकांच्या पट्ट्यातला माणूस अशा वेळी बाजूला, आतल्या बाजूला कलू शकतो. सहा टोकांच्या हार्नेसमधला माणूस ताठ बसलेला राहतो, आणि दबणाऱ्या छताचा जोर थेट डोके, मान आणि मणक्यावर येतो.

म्हणून अनेक जाणते क्लब सांगतात की हार्नेस वापरायचा तर डोक्यामागे रोल बार किंवा पूर्ण रोल केज हवा. इथे एक गल्लत नेहमी होते. पुढच्या आणि मागच्या दरवाज्यांमधल्या दोन खांबांच्या, म्हणजे बी-पिलरच्या, मध्ये बसवायची ‘हार्नेस बार’ नावाची एक आडवी नळी बाजारात मिळते. ती खांद्याचे पट्टे बांधायला जागा देते, छताला मात्र काहीही आधार देत नाही. रोल बारची कमान छताखालून जमिनीपर्यंत गेलेली असते आणि मागे तिरक्या आधारांनी बांधलेली असते. एफआयएच्या नियमांत रोल केजची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2.5 मिलिमीटर जाडीच्या, किंवा 50 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या, सांधा नसलेल्या पोलादी नळीची असते. छताखाली नुसती वाकवून बसवलेली शोभेची नळी या कामाची नाही.

रोल केजचा एक उलटा धोकाही लक्षात ठेवायला हवा. केज घातलेली गाडी रोजच्या रस्त्यावर, हेल्मेटशिवाय चालवली तर छोट्या धडकेतही डोके पोलादी नळीवर आपटू शकते. शर्यतीत हेल्मेट असते आणि डोक्याजवळच्या नळ्यांवर खास कठीण फोमचे आवरण असते. भाजी आणायला जाताना यांपैकी काहीच नसते.

कोन, बोल्ट आणि पत्रा

हार्नेस विकत घेणाऱ्यांच्या सर्वाधिक चुका तो बसवताना होतात. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बोल्टांना किंवा थेट फ्लोअरला बांधण्याचा मोह होतो, कारण भोके तयार असतात. अशा वेळी पट्टे खांद्यावरून तीव्र उताराने खाली जातात. धडकेत पट्ट्यात जो ताण येतो त्याचा मोठा भाग मग खांद्यांना खाली दाबतो आणि मणक्याची चकती चेपतो. पट्टा 45 अंशांनी खाली गेला तर ताणाचा सुमारे 70 टक्के इतका जोर खालच्या दिशेने लागतो. 10 अंशांवर तो 17 टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणूनच एफआयए सांगते की सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाणारा पट्टा आडव्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त खाली जाऊ नये, आणि शक्यतो 10 अंशांच्या आत असावा. सीटच्या मध्यरेषेपासून डावी-उजवीकडचा कोन 20 अंशांपेक्षा जास्त नको. पट्टा जितका लांब तितका तो जास्त ताणला जातो, म्हणून सीटच्या लगेच मागे असलेली आडवी नळी ही सर्वांत चांगली जागा. ती नळीही साधी चालत नाही. ती किमान 38 मिलिमीटर व्यासाची आणि 2.5 मिलिमीटर जाडीची, किंवा 40 मिलिमीटर व्यासाची आणि 2 मिलिमीटर जाडीची पोलादी नळी असावी लागते.

प्रत्येक जोडणीने किती जोर सोसावा हेही ठरलेले आहे: खांदा आणि कमरेच्या जोडणीने 1470 डेकान्यूटन, म्हणजे जवळपास दीड टन, आणि मांड्यांमधल्या पट्ट्याच्या जोडणीने 720 डेकान्यूटन. गाडीच्या फ्लोअरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात ड्रिलने भोक पाडून वॉशरवर आय-बोल्ट आवळला, तर धडकेत बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. भिंतीत सैल बसलेल्या कोयंड्याला कितीही भारी कुलूप लावले तरी दार उघडतेच. म्हणून नवीन भोक पाडायचे तर त्याखाली किमान 40 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि 3 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी, आणि बोल्ट 8.8 प्रतीचा एम 12 किंवा 7/16 इंची हवा. हार्नेस सीटला किंवा सीटच्या पायांना बांधायला एफआयएची सक्त मनाई आहे, कारण मग सीट उखडली की पट्टेही तिच्याबरोबर जातात.

आता सीटकडे वळू. गाडीच्या मूळ सीटला खांद्याच्या आणि मांड्यांमधल्या पट्ट्यांसाठी भोके नसतात. खांद्याचे पट्टे मग हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि धडकेत खांद्यांवरून घसरतात. मांड्यांमधला पट्टा गादीच्या पुढच्या कडेवरून घ्यावा लागतो, म्हणजे तो बकलला खाली ओढण्याऐवजी पुढे ओढतो आणि त्याचा उद्देशच फसतो. मूळ सीटची पाठ मागेपुढे होणारी असते आणि तिची यंत्रणा असा जोर घेण्यासाठी बनवलेली नसते. हार्नेससाठी बनवलेल्या सीटची पाठ स्थिर असते आणि पट्टे तिच्यातल्या भोकांतून जातात. त्या भोकांमुळे कमरेचा पट्टा सीटच्या कडेवरून न जाता सरळ कमरेच्या हाडांवर टेकतो. पण मूळ सीट काढली की तिच्यात बसवलेली बाजूची एअरबॅग आणि प्रवासी बसला आहे हे ओळखणारा संवेदकही जातो. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो. तो दिवा काळ्या पट्टीने झाकून काम भागत नाही.

मान: सर्वांत उशिरा समजलेला धोका

तिसरा धोका समजायला मोटरस्पोर्टला सर्वांत जास्त वेळ लागला. हार्नेस धड जागीच धरून ठेवतो, पण डोके मोकळेच असते. डोके आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या 40 पट झटक्यात ते अडीचशे किलोच्या वस्तूसारखे पुढे फेकले जाते. पकडायला असते ती फक्त मान. कवटीचा तळ जिथे मणक्याला जोडलेला आहे तिथे तो फाटतो. याला कवटीच्या तळाचे फ्रॅक्चर म्हणतात आणि ते बहुतेक वेळा जागीच जीव घेते.

1981 मध्ये अमेरिकेत मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जाकमार या चालकाचा असा मृत्यू झाला. त्याचा मित्र आणि चालक जिम डाउनिंगने आपला मेहुणा रॉबर्ट हबर्डला त्यावर उपाय विचारला. हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचा प्राध्यापक होता. त्याने खांद्यावर बसणारे एक जू बनवले. हार्नेसचे खांद्याचे पट्टे त्या जुवावरून जातात, आणि जुवापासून निघणारे दोन आखूड पट्टे हेल्मेटला जोडलेले असतात. धडकेत डोके पुढे फेकले जाते तेव्हा ते धडाबरोबरच थांबते. हे उपकरण ‘हान्स’ या नावाने ओळखले जाते.

चालकांनी ते लवकर स्वीकारले नाही. अवघड वाटते, मान वळवता येत नाही, अशा तक्रारी होत्या. मग 2000 च्या मे महिन्यात अमेरिकेतील नॅसकार शर्यत मालिकेत 19 वर्षांचा अॅडम पेटी सरावात मरण पावला. त्याच उन्हाळ्यात केनी अर्विन ज्युनिअर गेला. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना 500 च्या शेवटच्या लॅपमध्ये डेल अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली आणि त्या खेळाचा सर्वांत लाडका चालक कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेला. त्याने हान्स घातलेले नव्हते. त्याचा कमरेचा डावा पट्टाही तुटलेला आढळला. पट्ट्याचे विणलेले कापड, म्हणजे वेबिंग, पकडीच्या खाचेत एका कोपऱ्यात गोळा झाले की जोर सारखा वाटला जात नाही आणि कडेपासून ते फाटत जाते. याला ‘डम्पिंग’ म्हणतात. चौकशीत हीच शक्यता मांडली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने डोके आणि मान धरणारे उपकरण सक्तीचे केले. 2003 पासून फॉर्म्युला वनमध्येही हान्स सक्तीचे झाले.

हौशी चालकासाठी यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. दोन्ही खांद्यांवर पट्टे असल्याशिवाय हान्सचे जू जागी राहत नाही, म्हणून तीन टोकांच्या पट्ट्याबरोबर ते उपयोगाचे नाही. वेगळ्या रचनेची काही उपकरणे तीन टोकांच्या पट्ट्याबरोबरही चालतात, पण ती विकत घेण्याआधी त्यांच्यावरचे प्रमाणपत्र वाचायला हवे. उलटपक्षी, हार्नेस आहे आणि हान्स नाही ही स्थिती मानेसाठी वाईट, कारण धड पूर्ण जखडलेले असते आणि सगळा झटका मानेने सोसायचा असतो.

पट्ट्याचेही वय होते

पॉलिस्टरचे वेबिंग ऊन, धूळ, घाम आणि तेलाने कमकुवत होत जाते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातली अतिनील किरणे त्याचा धागा हळूहळू खातात, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून हार्नेसवर तारखेचे लेबल असते. अमेरिकेतील एसएफआय प्रमाणपत्राची मुदत उत्पादनापासून दोन वर्षे असते, तर एफआयएच्या हार्नेसची पाच वर्षे. मुदत संपलेला हार्नेस स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीत, म्हणजे स्क्रूटिनीत, नापास होतो. जोरदार धडकेनंतर हार्नेस लगेच बदलायचा असतो, तो कितीही चांगला दिसत असला तरी, कारण त्याचे धागे एकदा ताणले गेलेले असतात. पट्टा कापला किंवा त्याचा धागा निघाला असेल, किंवा त्याचे धातूचे भाग गंजले अथवा वाकले असतील, तरीही तो बाद. जुना रॅली हार्नेस स्वस्तात मिळतो आहे म्हणून घेणाऱ्याने आधी लेबल पाहावे आणि लेबल काढलेले असेल तर तो घेऊच नये.

रॅलीच्या गाडीत पट्टा कापण्याचे दोन कटर ठेवावे लागतात, तेही पट्टे बांधून बसल्यावर चालक आणि को-ड्रायव्हर दोघांच्याही हाताला लागतील अशा जागी. रिंटची भीती खोटी नव्हती. आगीत अडकणे हा खरा धोका आहे. नियमांनी त्या भीतीचे उत्तर पट्टा न बांधण्यात शोधले नाही, ते एका झटक्यात सुटणाऱ्या बकलमध्ये आणि हाताशी असलेल्या कटरमध्ये शोधले.

पट्टे बांधण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी कमरेचा पट्टा जमेल तितका खाली, कमरेच्या हाडांवर, आणि घट्ट. मग खांद्याचे. खांद्याचे पट्टे आधी आवळले तर कमरेचा पट्टा वर खेचला जातो आणि सहा टोकांचा हार्नेसही चार टोकांसारखा वागू लागतो.

हौशी स्पर्धेचे शहाणपण

जगभरच्या अनुभवी क्लबांनी हौशी चालकांसाठी जे नियम केले, त्यांत एक सूत्र दिसते: एकतर कारखान्याने दिले ते जसेच्या तसे ठेवा, नाहीतर सारे काही बदला. अमेरिकेतील बीएमडब्ल्यू कार क्लब किंवा पोर्शे क्लबच्या ट्रॅकवरच्या प्रशिक्षणात नवशिक्या चालकाला मूळ सीट बेल्टवर गाडी चालवू देतात. पण कोणी हार्नेस लावला, तर तो साधारणपणे पाच किंवा सहा टोकांचा हवा, त्याला साजेशी सीट हवी, आणि रोल बारचीही शिफारस असते. शिवाय जो बंदोबस्त चालकाला, तोच शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकालाही मिळाला पाहिजे. हा समानतेचा नियम मला सर्वांत जास्त माणुसकीचा वाटतो. मालकाने स्वतःला सहा पट्ट्यांत बांधून घ्यावे आणि शेजारच्या पाहुण्याच्या वाट्याला साधा पट्टा यावा, हे तिथे चालत नाही.

आपल्याकडे मोटरस्पोर्टचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, करते. महाराष्ट्रात या खेळाची आवड जुनी आहे. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र, अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग शर्यत, सह्याद्रीच्या घाटांतून जाणाऱ्या टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली, अशा अनेक वाटांनी मराठी तरुण यात येतो. या वाटा एकसारख्या नाहीत. टीएसडी रॅली रोजच्या वाहतुकीतून, वेगमर्यादेत धावते आणि वेळेच्या अचूकतेवर जिंकली जाते. तिथे मूळ सीट बेल्ट हेच योग्य उपकरण आहे. स्पेशल स्टेजच्या रॅलीत मात्र पूर्ण केज, मान्यताप्राप्त सीट, सहा टोकांचा हार्नेस, हेल्मेट आणि मानेचे उपकरण यांशिवाय गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहू शकत नाही. प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स शांतपणे वाचा आणि काही शंका असल्यास स्क्रूटिनिअरला विचारा.

स्पर्धा संपली की गाडी रस्त्यावर येते आणि रस्त्याचा कायदा लागू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138 नुसार चालकाने, शेजारच्या प्रवाशाने आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्यांनीही सीट बेल्ट लावायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 बी नुसार न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. नोंदणी प्रमाणपत्रातल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर कलम 52 मर्यादा घालते. पण दंडापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आवळलेल्या हार्नेसमध्ये चौकात पुढे वाकून उजवी-डावीकडे पाहता येत नाही. मग चालक पट्टा ढिला करतो, आणि ढिला हार्नेस साध्या पट्ट्यापेक्षा कमी संरक्षण देतो. हार्नेस लावलात तरी मूळ सीट बेल्ट जागेवर राहू द्या आणि रस्त्यावर तोच वापरा.

निर्णय कसा घ्यावा

ट्रॅक डेला, म्हणजे सर्किटवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवशी, पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी माझे मत स्पष्ट आहे: काही बदलू नका. चांगले हेल्मेट, चांगले टायर, ताजे ब्रेक ऑइल आणि मूळ सीट बेल्ट घेऊन जा. वळणात सरकत असाल तर सीट एक खाच मागे घ्या, पट्टा झटक्याने ओढून अडकवा आणि सीट पुन्हा पुढे आणा. कंबर बरीच घट्ट धरली जाते. पैसे हार्नेसऐवजी प्रशिक्षणावर खर्च करा.

वेग वाढत गेला आणि खेळ अंगात भिनला की पूर्ण बदल करा, आणि तो एकाच वेळी करा: रोल बार किंवा केज, हार्नेससाठी बनवलेली सीट, मुदतीतला सहा टोकांचा हार्नेस, योग्य जागी आणि योग्य पट्टीवर आवळलेले बोल्ट, आणि मानेचे उपकरण. यासाठी पैसे कमी पडत असतील तर वर्षभर थांबा. तोवर मूळ पट्ट्याने चालवा. यांपैकी एखादीच वस्तू आज घेऊन बाकीच्या पुढच्या वर्षी घेण्याच्या बेताइतका धोकादायक बेत दुसरा नाही, कारण मधल्या काळात तुमच्याजवळ ना कारखान्याची सुरक्षितता असते, ना शर्यतीची.

आणि तुमच्या ओळखीचा कोणी तरुण रोजच्या गाडीत चार टोकांचे रंगीत पट्टे लावून फिरत असेल, तर त्याची चेष्टा करू नका. त्याला जवळ बसवा, मांड्यांमधला पट्टा का असतो हे समजावून सांगा, आणि मूळ सीट बेल्ट परत लावायला मदत करा.